पझेशन नको, शॉट कुठनं मारला ते बघा
भावा, तू म्हणलास की फुटबॉलमध्ये सत्तर टक्के पझेशन, म्हणजे बॉल तेवढा वेळ आपल्याकडं, असून टीम हरते म्हणजे आकड्यांना काय अर्थ नाही, पण पझेशन हा आकडाच लई कच्चा आहे ना. शॉट कुठनं, कुठल्या कोनातनं, पायानं की डोक्यानं, हे बघून आधीच्या हजारो शॉटवरनं गोलची शक्यता काढतात, तेच एक्सजी, म्हणजे एक्स्पेक्टेड गोल्स. पेनल्टीला ०.७६ च्या आसपास धरतात, लांबनं हाणलेल्याला बहुतेक वेळा ०.०५ पण नाही. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील-दिलबहार या दोन टीमची मॅच लागली की लांबनं हाणणाऱ्याला गॅलरी डोक्यावर घेते, पण खरं काम त्या पोराचं ज्यानं गोललाईनजवळनं कटबॅक, म्हणजे मागं पास, देऊन गोलसमोर चान्स काढला.

तरी आकडे वाचायला डोकं लागतंच. इंग्लंडच्या चार्ल्स रीपनं १९५० पासनं मॅचा हातानं लिहून मोजल्या आणि बहुतेक गोल तीन किंवा कमी पासात होतात म्हणून लांब बॉल मारा असं सांगितलं, पण मुळात बहुतेक चाली तेवढ्याच पासात तुटतात, मग गोलही तिथनंच जास्त दिसणार की! किती चालींमागं एक गोल ते बघायला पाहिजे होतं. पेठेतल्या कुणीतरी यंदा केएसए (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) लीगला गॅलरीत बसून नुसती शॉटची जागा कागदावर मांडायला सुरू करा, मी येतो.