माल्टची बार्ली तीन वर्षांत होत नाही

ओंबी
'दुहेरी हॅप्लॉइड आणि मार्कर हाताशी असताना माल्टच्या बार्लीची नवी जात तीन वर्षांत यायला हवी, पैदासकार उगाच दहा-बारा वर्षं घालवतात,' असं कालच्या लेखात ठणकावून लिहिलंय. हे वाचून गप्प बसवत नाही. (माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेला दाणा, मार्कर म्हणजे हवं ते जनुक ओळखायची डीएनएतली खूण.)

दुहेरी हॅप्लॉइड म्हणजे गुणसूत्रांच्या एकाच संचाचं रोप घेऊन तो संच दुप्पट करणं. त्याने वाचतो तो फक्त ओळ (एकसारख्या रोपांचा वंश) स्थिर करण्याचा काळ. एफ-1 चे (संकराच्या पहिल्या पिढीचे) कोवळे परागकण वाढवा, नाहीतर एफ-1 वर हॉर्डियम बल्बोसम या रानटी बार्लीचे पराग टाका. बल्बोसमची गुणसूत्रं भ्रूणातून आपोआप गळतात, ही पद्धत 1970 पासून माहीत आहे. मग कोल्चिसिन या रसायनाने गुणसूत्रं दुप्पट केली की पूर्ण समयुग्मी (प्रत्येक जनुकाच्या दोन्ही प्रती सारख्या असलेली) ओळ मिळते. पण हातात काय येतं? ओळीमागे एक रोप, म्हणजे फार तर दोनशे दाणे. दाण्याचं वजन 45 मिलिग्रॅम धरा, झाले 9 ग्रॅम. अर्क (माल्टमधून पाण्यात उतरणारा भाग) मोजायच्या प्रमाण मॅशला, म्हणजे दळलेला माल्ट गरम पाण्यात ठेवायच्या चाचणीला, एकटीला 50 ग्रॅम माल्ट लागतो. म्हणजे एक हंगाम नुसतं बी वाढवण्यात जातो. नंतर अनेक ठिकाणच्या उत्पादन चाचण्या, नोंदणीच्या चाचण्या, मग टनावारी माल्ट करून ब्रुअरीतली चाचणी. यातलं काय गाळायचं ते लेखकाने सांगावं.

मार्करवाला
लेखकाने तीन वर्षं लिहिलं ते चुकलं, पण तुम्ही मार्करचा फायदा झाकून ठेवताय. भुरीविरुद्धचं एमएलओ जनुक, लिपॉक्सिजिनेज-1 हे विकर नसलेली जनुकरूपं (बिअर जुनी झाल्यावर येणारा पुठ्ठ्यासारखा वास त्याने कमी होतो), उष्णता सोसणारं बीटा-अमायलेज (स्टार्चची साखर करणारं विकर), डिस्टिलिंगसाठी ग्लायकोसिडिक नायट्राइल हे नकोसं द्रव्य न बनवणारं जनुकरूप, हे सगळं दोन पानांच्या रोपाच्या एका तुकड्यावरून कळतं. नापास ओळींचा माल्ट करायचाच कशाला? मग 50 ग्रॅमचा प्रश्न उरतो कुठे?

ओंबी
उरतो, आणि गणित तुमच्या विरुद्ध जातं. दुहेरी हॅप्लॉइडमध्ये एक जनुक निम्म्या ओळींत येतं. चार स्वतंत्र जनुकं एकत्र हवी असतील तर सोळातली एक ओळ. 160 ओळी केल्या तर उरल्या दहा. त्या दहांतून उत्पादन, खोडाची ताकद, दाण्याचा भरीवपणा आणि अर्क कसा निवडणार? हे गुण डझनावारी जनुकांवर चालतात. मार्करने चाळणी बारीक केली की निवडीला माल उरत नाही. लोकसंख्या हजारावर न्या, मग बोलू.

भिजवणटाकी
तुमची जनुकं राहू द्या बाजूला. कणसातून बाहेर पडलेला दाणा टाकीत मोड धरतो का, हे कोणी विचारतच नाही! 9 सेंमीच्या पेट्री डिशमध्ये दोन गाळणकागद, 4 मिली पाणी, 100 दाणे, 72 तास. 95 च्या खाली मोड आले तर तो लॉट मला चालत नाही. 8 मिलीची दुसरी डिशही लावायची. 4 मध्ये 97 आणि 8 मध्ये 60 आले, तर दाणा पाण्याला संवेदनशील आहे. मग भिजवण तोडून-तोडून करायची, मध्ये हवेची विश्रांती वाढवायची, तरच ओलावा 44-45 टक्क्यांपर्यंत जातो आणि दाणा गुदमरत नाही.

आणि सुप्त (जिवंत असून मोड न धरणारा) दाणा पाच टक्केच आहे असं म्हणून सोडू नका. त्याच्या पेशीभित्तिका फुटत नाहीत, बीटा-ग्लुकान (त्या भित्तिकांतलं चिकट द्रव्य) तसंच राहतं, वर्ट (मॅशमधून निघणारा गोड रस) घट्ट होतो, गाळणीचा थर बसतो. शेजारच्या चांगल्या दाण्यांचं बीटा-ग्लुकानेज (बीटा-ग्लुकान तोडणारं विकर) मदतीला येईल म्हणाल, तर मॅशमध्ये 60 अंशांच्या पुढे ते टिकत नाही.

ओंबी
सुप्तावस्था कमी करा म्हणणं सोपं आहे. पूर्ण काढली तर काढणीच्या वेळच्या पावसात ओंबीतच मोड येतात, आणि असा दाणा साठवणीत मरतो. 5एच गुणसूत्रावरच्या दोन जागांवर हा झगडा चालतो. हवं असतं मधलं: पिकताना सुप्त, साठवणीत चार-सहा आठवड्यांत मोकळं. त्यात दाणा भरताना गरम-कोरडं हवामान असेल तर तीच ओळ मोकळी दिसते, थंड-ओलं असेल तर झोपलेली. एका हंगामाचा आकडा फसवतो. गिनेस ब्रुअरीत नोकरी करणाऱ्या विल्यम गॉसेटने लहान नमुन्यांचं गणित 1908 मध्ये मांडलं, आणि पुढे बार्लीच्या चाचण्यांतच तो रमला, ते उगाच नाही.

नत्र
सगळा दोष जातीच्या माथी मारता आहात. प्रथिनं 9.5 ते 11.5 टक्क्यांत बसायला हवीत, पण नत्राचा शेवटचा हप्ता फुटवे संपल्यावर टाकला की कुठल्याही जातीची प्रथिनं चढतात आणि अर्क खाली येतो. शिवाय दाणा बारीक राहतो, 2.5 मिमीच्या चाळणीवर थांबत नाही. आधी खत सुधारा, मग जात बदला.

भिजवणटाकी
प्रथिनं 10.5 असलेला लॉटसुद्धा मोड धरत नाही, त्याचं काय? तुमचा युरिया सुप्तावस्था घालवतो का? प्रश्न मोडाचा आहे, उत्तर खताचं देताय.

नत्र
नाही घालवत, तेवढं मान्य. पण अर्क कमी आल्यावर शेतकऱ्याचा माल परत करताना जातीचं नाव सांगू नका, एवढंच म्हणणं आहे. शेतकऱ्याचा राग खराच आहे.

जुनंवाण
मॅरिस ऑटर ही माल्टच्या बार्लीची जुनी जात पाहा. प्रॉक्टर आणि पायोनियर या जातींचा संकर, केंब्रिजमधला, साठच्या दशकातला. आजही ब्रुअर मागतात. मार्कर कुठे होते?

मार्करवाला
तिचं उत्पादन आजच्या जातींच्या किती खाली आहे ते शेतकऱ्याला विचारा. ब्रुअर ज्यादा दाम मोजतात म्हणूनच ती शेतात उरली आहे.

ओंबी, तुमचा 160 चा हिशेब बरोबर आहे, मान्य करावंच लागेल. चारही मार्कर एकाच वेळी लावणं चूक. पण एमएलओ दोन्ही पालकांत आधीच असेल तर तिथे चाळणी लागतच नाही. पालक निवडतानाच दोन जनुकं स्थिर घेतली तर 160 मधून 40 उरतात.

ओंबी
40 चालतील. पालकांची निवड हीच खरी मेहनत, हे मान्य केलंत म्हणजे निम्मा वाद मिटला.

भिजवणटाकी
मग 4 आणि 8 मिलीची चाचणी पहिल्याच वर्षी, काढणीनंतर दर आठवड्याला लावा. सहा आठवडे.

ओंबी
दर आठवड्याला 200 दाणे, म्हणजे 9 ग्रॅम. सहा आठवड्यांत 54. एका मीटरच्या ओळीतून साधारण 100 ग्रॅम बी येतं, त्यातलं निम्मं तुमच्या डिशमध्ये गेलं तर चाचणीला काय पेरू? पहिल्या वर्षी फक्त 4 मिली, पहिल्या आणि चौथ्या आठवड्यात. पूर्ण चाचणी दुसऱ्या हंगामापासून, बी वाढल्यावर.

भिजवणटाकी
चौथ्या नाही, सहाव्या आठवड्यात घ्या. चौथ्याला अजून झोपलेली ओळ सहाव्याला उठते, आणि तुम्ही ती आधीच फेकून दिलेली असते.

ओंबी
बरं. पहिला आणि सहावा.