यवतमाळचं इंग्रजी स्पेलिंग कोणतं खरं, जुनं का नवं? (अर्जंट आहे)

पऱ्हाटीवाली:
नमस्कार मंडळी. मी एमएस्सी ॲग्रीला आहे, बाहेरच्या एका युनिव्हर्सिटीसाठी स्वतःबद्दल इंग्रजीत दोन पानं लिहून द्यायची आहेत. गाव दारव्हा तालुक्यात, म्हणजे जिल्हा यवतमाळ. मी सगळीकडे वाय-ए-व्ही वालं स्पेलिंग टाकलं, पण कापसाच्या इतिहासाचा एक पॅरा आहे त्यात जुन्या गॅझेटिअरमधलं एक वाक्य जसंच्या तसं घेतलंय अन् तिथं वाय-ई-ओ-टी-एम-ए-एल आहे. आजोबांच्या मॅट्रिकच्या सर्टिफिकेटवर पण तेच. सर म्हणाले, एका लेखात दोन स्पेलिंग, वाचणारा म्हणेल या पोरीले आपल्या जिल्ह्याचं नाव लिहिता येत नाही. आता सगळं जुनं करू का गॅझेटिअरचं वाक्य सुधारू? अन् पत्त्यात 'ॲट पोस्ट' ठेवू का? परवा शेवटची तारीख आहे, प्लीज सांगा.

गावठी मास्तर:
बेटा, गॅझेटिअरच्या वाक्याले हात लावू नको. जे दुसऱ्याचं लिहिलेलं आहे ते तसंच राहू दे, फक्त त्याच्या आधी आपल्या शब्दांत लिही की आजच्या यवतमाळचं तेव्हाचं स्पेलिंग हे होतं. एकदा सांगितलं की झालं, बाकी सगळीकडे आजचंच. मुंबईचं इंग्रजी नाव १९९५ मध्ये बदललं पण हायकोर्ट अजून बॉम्बेच आहे, नागपूरचं खंडपीठबी त्याचंच. चांद्याचं चंद्रपूर १९६४ मध्ये झालं, तरी तिथं चांदा फोर्ट नावाचं स्टेशन आहेच. म्हणून कोणी चंद्रपूरच्या पत्त्यावर चांदा लिहीत नाही.

पण एक विचारतो, तुह्या कापसाच्या पॅऱ्यात साल कोणतं आहे?

पऱ्हाटीवाली:
सर, अमेरिकेतल्या यादवीचं, १८६१ ते १८६५. तिकडचा कापूस बंद झाला म्हणून इंग्रजांना आपला लागला, ते. मी लिहिलंय की 'तेव्हा यवतमाळ जिल्ह्यातून' वगैरे.

गावठी मास्तर:
हे पाय, इथंच गडबड आहे, स्पेलिंगमध्ये नाही. त्या काळात यवतमाळ जिल्हा होताच कुठं? १९०५ च्या आधी जिल्ह्याचं नाव वणीवरून होतं, इंग्रज लिहीत डब्ल्यू-यू-एन, अन् आपला पुसद तेव्हा वाशीम जिल्ह्यात, ज्याले ते बासीम म्हणत. तू वऱ्हाड लिही, इंग्रजीत बी-ई-आर-ए-आर, म्हणजे कोणी बोट ठेवणार नाही. अन् जागा असेल तर हेबी टाक की लिव्हरपूलच्या बाजारात वऱ्हाडच्या कापसाले 'ऊमरा' म्हणत, ते उमरावतीवरून, म्हणजे आपल्या अमरावतीवरून.

वर्धेचा पोट्टा:
मास्तर, मले एक सांगा, वर्ध्याले डब्ल्यू, वाशीमले डब्ल्यू, वरोऱ्याले डब्ल्यू, मग यवतमाळले अन् विदर्भाले व्ही काऊन? आपण तर सगळीकडे एकच व म्हणतो 😄

गावठी मास्तर:
नियम काही नाही बाप्पा, ज्याले जे चिकटलं ते चिकटलं. आता ऑफिसच्या कागदावर छापून येते तेच आपणबी लिहायचं, मनानं सुधारायले जाऊ नये.

संत्राबागवाला:
अमरावतीचं तर विचारूच नका, एक जास्तीचा ए टाकला की आंध्रातली होते. माह्या साळ्याचं पार्सल एकदा तिकडं फिरून आलं, पिन ४४४ वालाच होता तरी, पाठवणाऱ्यानं शहराचं नाव पाहून टाकलं असंल.

ताई, 'ॲट पोस्ट' काढून टाक. ते आपल्या मु. पो. चं इंग्रजी आहे, बाहेरच्या माणसाले वाटते पोस्टाच्या खोलीत राहते पोरगी. गाव, मग पोस्ट, तालुका, जिल्हा, पिन. तालुक्याचं 'टीक्यू' पण पूर्ण लिही, इथं आमच्याकडं टीक्यू चालते अन् नागपूरकडं तहसीलचं 'टाह' लिहितात, आपल्यातच एकमत नाही तर त्यांनी काय समजायचं. आणखी एक, 'दारव्हा कम्स अंडर यवतमाळ' असं लिहिलं असशील तर बदल. आपण 'यवतमाळ अंतर्गत येते' म्हणतो त्याचं ते आहे. सरळ इन यवतमाळ डिस्ट्रिक्ट लिही.

पऱ्हाटीवाली:
खरंच 'कम्स अंडर' होतं, दोनदा 🙈 दोन्ही काढलं. कापसाच्या पॅऱ्यात वऱ्हाड केलं, जिल्ह्याचं जुनं नाव 'वून' होतं हेही एका ओळीत टाकलं, गॅझेटिअरचं वाक्य तसंच ठेवलं. सरांना पाठवलं, त्यांचा रिप्लाय आला, 'हे वून काय आहे, टायपिंग मिस्टेक दिसते, सुधार.'

गावठी मास्तर:
सरांचं गाव कोणतं?

पऱ्हाटीवाली:
वणी 😂