नवी पाइपलाइन येतेय पण नळाला गटाराचा वास, पालिकेकडे नेमकं काय मागायचं?

दिवसाआड_पाणी
नमस्कार मंडळी. आमचं तालुक्याचं गाव, ब वर्ग नगरपालिका. एक दिवस आड पाऊण तास पाणी. पहिली बादली पिवळट येते आणि चक्क गटाराचा वास, आई ती संडासात ओतते आणि मग पिण्याचं भरते, हे इतकी वर्षं चाललंय की कुणाला त्याचं काही वाटतच नाही. आता अमृत २.० या केंद्राच्या शहरांसाठीच्या पाणी योजनेतून नवी लाइन मंजूर झालीये आणि गेल्याच वर्षी केलेला काँक्रीट रस्ता फोडायला घेतलाय. भुयारी गटार म्हणे पुढच्या टप्प्यात, म्हणजे परत फोडणार! आधी ड्रेनेज हवं का आधी पाणी? आणि नवी लाइन पडली की वास जाईल ना? सह्यांचं निवेदन द्यायचंय, त्यात काय लिहू.

जुना_फिटर
३० वर्षं हेच काम केलंय म्हणून सांगतो. मेन लाइन बदलली म्हणून वास जाईलच असं नाही. तुमच्या घरात येणारा अर्धा इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप कुठून येतो ते आधी बघा, जुन्या गल्ल्यांत तो सरळ गटारातून आडवा जातो आणि गंजून चाळण झालेला असतो. पाणी चालू असताना त्यातून पाणी बाहेर गळतं. पाणी बंद झालं की उलटं होतं. खात्री करायची असेल तर पाणी जायच्या वेळी नळ उघडा ठेवून तोंडावर बोट धरा, बोट आत ओढलं जातं. तसंच गटारातलं पाणी पाइपात ओढलं जातं, तीच तुमची पहिली बादली. त्यात लोक नळाला डायरेक्ट मोटर लावतात, मग तर काय विचारूच नका.
निवेदनात एकच गोष्ट ठळक लिहा: सगळी घरगुती कनेक्शनं नवीन लाइनवर नवीन एमडीपीई (न गंजणाऱ्या प्लॅस्टिकच्या) पाइपने घ्या, गटार ओलांडताना मध्ये जोड नको, आणि जुनी लाइन दोन्ही टोकांना बंद करा. नाहीतर काय होतं, नवी लाइन पडते, फोटो होतात, निम्मी घरं जुन्याच लाइनवर राहतात आणि व्हॉल्व्हमन दोन्ही लाइनींना पाणी सोडत बसतो. डोळ्यांनी पाहिलंय.

खड्डेमुक्त
काका बरोबर बोलले, पण पाण्याची लाइन आणि ड्रेनेज यात ३ मीटर अंतर ठेवायचं असतं ना? आमची गल्लीच ८ फुटी 😂

जुना_फिटर
@खड्डेमुक्त मग पाण्याची लाइन वर आणि ड्रेनेज खाली, आणि चर बुजवायच्या आधी प्रेशर टेस्ट. ती स्वतः उभं राहून बघा, सायबावर सोडू नका.

कराडकडचा
आमच्या शेजारच्या मलकापूरला २४ तास पाणी देऊन दाखवलंय, जीवन प्राधिकरणानेच केलेली योजना आहे, छोटंसं गाव, कोयनेचं पाणी. एचडीपीई म्हणजे जाड प्लॅस्टिकचे पाइप, प्रत्येक घराला मीटर, जास्त वापराल तर दर चढता. लोकांना वाटतं २४ तास म्हणजे चैन, पण पाइप कायम भरलेला राहिला की बाहेरची घाण आत यायला वावच नाही हा त्यातला खरा फायदा. मीटरला सुरुवातीला विरोध होतोच. इचलकरंजीत २०१२ ला काविळीची साथ आली होती ती आठवा, मग मीटरचं बिल परवडतं.

कृष्णाकाठ
ड्रेनेजबद्दल कुणी बोललंच नाही म्हणून लिहितो. दिवसाआड पाणी असलेल्या गावात भुयारी गटार टाकून गाळच साठतो हो, वाहायला पाणी नको का? माणशी १३५ लिटर पाणी धरून ती योजना आखतात. त्यात लोक घराचं कनेक्शन जोडत नाहीत, कारण संडास घराच्या मागच्या बाजूला आणि फरशी फोडायचा खर्च ज्याचा त्याचा, आणि शेवटी एसटीपी (सांडपाणी प्रक्रिया केंद्र) अर्ध्या क्षमतेनं चालतो. वाईला दुसरा मार्ग काढला, सेप्टिक टँक आळीपाळीने ३ वर्षांत एकदा रिकामे करायचे, बोलावलं म्हणून नाही तर ठरलेल्या वेळापत्रकाने, आणि तो मैला प्रक्रिया केंद्रात न्यायचा. सिन्नरनेही तेच केलं. तुमच्या गावात सेप्टिक टँकचं पाणी उघड्या गटारात सोडलेलं असणार, आणि त्याच गटारातून काका म्हणतात तो पाइप. त्यामुळे आधी पाणी की आधी ड्रेनेज हा वादच नको, आधी ते टँक उपसा.

खड्डेमुक्त
टँक उपसायची गाडी आमच्या गल्लीत वळतच नाही पण 🙏

दिवसाआड_पाणी
सगळ्यांचे आभार. आज पाणी जाताना बोट धरून बघितलं, खरंच ओढलं गेलं, आई म्हणाली हे काय पोरखेळ चाललेत. मग शाळेतल्या सरांकडून क्लोरीन तपासायचं ओटीचं (ऑर्थोटोलिडीन, क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं) औषध आणलं आणि पहिल्या बादलीतल्या पाण्यात थेंब टाकले तर रंगच आला नाही, १० मिनिटांनी भरलेल्या पाण्यात मात्र पिवळा आला. म्हणजे टाकीवर टीसीएल (क्लोरीनची पावडर) टाकतायत, पण पहिल्या पाण्यातलं क्लोरीन पाइपात शिरलेली घाण खाऊन टाकतेय. दोन्ही बाटल्यांचे फोटो काढलेत, निवेदनाला जोडतो. काका, जुनी लाइन बंद केली की नाही हे आम्हाला कसं कळणार तेवढं सांगा, चर तर मंगळवारी बुजवणार म्हणतायत.