जुलाब थांबले आणि लघवी बंद झाली, असं का?

मावशी_मिरज: भाची चार वर्षांची. रक्ताचे जुलाब झाले. सहाव्या दिवशी थांबले, सुटलो म्हणालो, तर लघवीच होईना. डायलिसिस चालू आहे. डॉक्टर एचयूएस म्हणतात, म्हणजे तांबड्या पेशी फुटून किडनी बंद पडण्याचा आजार. शौचाच्या रिपोर्टात ई-कोलाय, शिगा टॉक्सिन पॉझिटिव्ह. जंतू आतड्यात, मग मार किडनीला का?

जुनी_स्लाइड: लॅबमध्ये २२ वर्षं काढली, जमेल तसं सांगतो. जंतू सहसा आतड्यातच राहतो, रक्तात उतरतं ते त्याचं विष. शिगा हे नाव जपानी डॉक्टरांचं, त्यांनी १८९७ च्या साथीत आमांशाचा जंतू शोधला. विषाचे दोन भाग: पाच तुकड्यांचं कडं पेशीला चिकटतं, सहावा तुकडा घात करतो. कडं चिकटतं ते जीबी-३ नावाच्या साखर लागलेल्या चरबीला, आणि किडनीच्या गाळणीतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर ती भरपूर. गुरांच्या रक्तवाहिन्यांत ती नसते, म्हणून गाय हा जंतू पोटात बाळगून मजेत रवंथ करते!

पेशी विष गिळते आणि स्वतःच ते आत रायबोसोमपर्यंत, म्हणजे प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रापर्यंत, नेते. तिथे तो सहावा तुकडा आरएनएमधलं एकच अ‍ॅडेनिन उडवतो. प्रथिनं बनणं बंद. अस्तर सुजतं, सुटतं, तिथे बारीक गुठळ्या धरतात. त्यांतून जाताना तांबड्या पेशी फाटतात. स्मिअरवर, म्हणजे काचेवर पसरलेल्या रक्ताच्या थेंबात, त्या अर्ध्या हेल्मेटसारख्या दिसतात, काही त्रिकोणी, आणि प्लेटलेट शोधाव्या लागतात. क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीचा, रिपोर्ट येण्याआधीच मी डॉक्टरांना फोन लावायचो.

मावशी_मिरज: दुकानातून अँटिबायोटिक आणून दोन दिवस दिलं होतं. चुकलंच का?

जुनी_स्लाइड: त्यानेच झालं असं कुणी म्हणू शकत नाही, जीव खाऊ नका. पण या ई-कोलायमध्ये विषाचा जीन एका विषाणूचा असतो. काही औषधांच्या धक्क्याने तो विषाणू जागा होतो आणि विष वाढतं. शिगेलाच्या, म्हणजे शिगांनी शोधलेल्या जंतूच्या, आमांशात मात्र अँटिबायोटिक लागतंच. डॉक्टरांना औषधाचं नाव सांगा, लपवू नका.

हॅम्बुर्गकर: २०११ ला जर्मनीत अशाच ई-कोलायची साथ आली, तेव्हा इथेच होतो. आधी आळ स्पेनच्या काकड्यांवर, निघाली मोड आलेली मेथी! ८०० च्या वर लोकांना एचयूएस, बहुतेक मोठी माणसं. आईला फोन करून मेथीचे मोड बंद करायला लावले, तिने ऐकलं नाही.

मावशी_मिरज: आज ४० मिली लघवी झाली. बहिणीने बाटलीचा फोटो पाठवलाय.