‘कॉमनवेल्थ ऑफ मॅसॅच्युसेट्स’ : राष्ट्रकुल की लोकराज्य?

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या गुलामगिरीच्या खटल्यांविषयीचा मजकूर मराठीत आणताना मी पहिल्याच ओळीला अडलो. त्या राज्याचे अधिकृत नाव ‘कॉमनवेल्थ ऑफ मॅसॅच्युसेट्स’ असे आहे आणि ‘कॉमनवेल्थ’ला आपल्याकडे ‘राष्ट्रकुल’ हा प्रतिशब्द रूढ झालेला आहे. एकेकाळी ब्रिटिश साम्राज्यात असलेल्या देशांच्या गोतावळ्याला तो शोभतो. परंतु ‘मॅसॅच्युसेट्स राष्ट्रकुल’ असे लिहिले की वाचकाला क्रीडास्पर्धा आठवतात, आणि राजाशी लढून वेगळे झालेल्या लोकांना आपण पुन्हा त्याच राजाच्या पंगतीला बसवतो.

या शब्दातील ‘वेल्थ’ म्हणजे पैसाअडका नव्हे. त्याचा जुना अर्थ ‘हित’ किंवा ‘भले’ असा आहे. १६४९ मध्ये पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद झाल्यावर इंग्लंडमध्ये राजाविना जो कारभार चालला, त्यालाही हेच नाव होते. स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात कागदोपत्री ‘स्टेट ऑफ मॅसॅच्युसेट्स बे’ असे लिहिले जाई. १७८० च्या राज्यघटनेने, जिचा मसुदा मुख्यतः जॉन ॲडम्स यांनी केला, ‘कॉमनवेल्थ’ हे नाव पक्के केले. ‘प्रजासत्ताक’ हा शब्द आपण वेगळ्या कामासाठी राखून ठेवला आहे, शिवाय प्रजा म्हटले की कुठेतरी राजा डोकावतोच. म्हणून मी ‘लोकराज्य’ सुचवतो. पेनसिल्व्हेनिया, व्हर्जिनिया आणि केंटकी हीही स्वतःला कॉमनवेल्थ म्हणवतात. व्हर्जिनियात मात्र हे नाव आणि गुलामगिरी यादवी युद्धापर्यंत एकत्र नांदली, तेव्हा नावावर फार भिस्त ठेवू नये.

तरीही १७८३ च्या ‘कॉमनवेल्थ विरुद्ध जेनिसन’ या खटल्यात नावाला वजन आहे. नॅथॅनिएल जेनिसनने क्वॉक वॉकर याला, तो आपला गुलाम आहे या समजुतीने, मारहाण केली होती. मुख्य न्यायमूर्ती विल्यम कुशिंग यांनी ज्यूरीला सांगितले की घटनेच्या शब्दांपुढे गुलामगिरी टिकत नाही. जेनिसन दोषी ठरला आणि त्याला ४० शिलिंग दंड झाला. आपल्या कोर्टाच्या भाषेत ‘सरकार विरुद्ध जेनिसन’ सहज लिहिता येईल, परंतु ज्याला कालपर्यंत मालमत्ता मानले जात होते त्याच्यासाठी सगळ्यांचे मिळून असलेले राज्य फिर्यादी झाले, हा अर्थ ‘सरकार’ या शब्दात उरत नाही.

दुसरा चकवा ‘जनरल कोर्ट’चा. याचे ‘सर्वसाधारण न्यायालय’ असे भाषांतर केले, तर ते साफ चूक ठरते, कारण तेथील विधिमंडळाचेच हे नाव आहे. त्यात ४० सदस्यांचे सिनेट आणि १६० सदस्यांचे प्रतिनिधिगृह आहे. खरे सर्वोच्च न्यायालय म्हणजे ‘सुप्रीम ज्युडिशियल कोर्ट’. १६२९ च्या सनदेनुसार मॅसॅच्युसेट्स बे ही एक कंपनी होती आणि तिच्या सभासदांच्या बैठकीला ‘जनरल कोर्ट’ म्हणत. म्हणजे शब्दशः पाहिले तर हाउसिंग सोसायटीची ‘सर्वसाधारण सभा’च की! वाचकासाठी मात्र ‘विधिमंडळ’ हाच शब्द ठेवावा.

या सभासदांना ‘फ्रीमन’ म्हणत, आणि येथे ‘स्वातंत्र्य’ या शब्दाची खरी पंचाईत होते. १६४१ च्या ‘बॉडी ऑफ लिबर्टीज’ या संहितेत ‘लिबर्टीज’ हे अनेकवचन आहे. त्याला ‘हक्क’ किंवा ‘मुभा’ म्हणणे बरे, कारण त्याच संहितेने युद्धकैद्यांना आणि विकत आणलेल्यांना गुलाम ठेवण्याची वाटही मोकळी ठेवली होती. १७८० ची घटना मात्र ‘सर्व माणसे जन्मतः स्वतंत्र आणि समान’ असे म्हणते; तेथे ‘मुक्त’ चालणार नाही, कारण मुक्त व्हायला आधी बांधलेले असावे लागते.

हा फरक केवळ शब्दांचा कीस नाही. ग्रेट बॅरिंग्टन येथे १७८१ मध्ये बेट ही स्त्री आणि ब्रॉम हा पुरुष यांनी, त्यांना गुलाम म्हणून ठेवणाऱ्या जॉन ॲशलीविरुद्ध दावा लावला. त्यांचे वकील थिओडोर सेजविक यांनी वापरलेला हुकूम ‘रिप्लेव्हिन’चा, म्हणजे अडकवून ठेवलेला माल सोडवण्याचा होता, मी ‘माल सोडवण्याचा हुकूम’ असेच लिहिले आहे, ऐकायला कितीही बोचले तरी. ज्यूरीचा निकाल असा की ही दोघे ॲशलीची कायदेशीर गुलाम नाहीत आणि दावा दाखल झाला तेव्हाही नव्हती. वर ३० शिलिंग भरपाई. तेव्हा ‘बेटची मुक्तता झाली’ असे न लिहिता ‘बेट स्वतंत्र ठरली’ असे लिहावे. मुक्तता मालक देतो, आणि ज्यूरीच्या मते तो मालक नव्हताच.

त्यानंतर तिने एलिझाबेथ फ्रीमन हे नाव घेतले. आडनावाचे भाषांतर करायचे नसते. तळटीप मात्र द्यावी लागेल, कारण १६३० च्या दशकातील ‘फ्रीमन’ मत देणारा सभासद होता आणि या फ्रीमनला मत नव्हते.