डिश हलली म्हणून चित्र धूसर?

डिशची दिशा सरकल्यामुळे एचडी चॅनेल धूसर दिसतात असं कुणी म्हटलं, तर ते मला पटत नाही. डिजिटल सिग्नल कमी पडला की चित्र धूसर होत नाही, त्याचे चौकोनी तुकडे पडतात, आवाज तुटतो आणि मग सरळ 'नो सिग्नल'. जोराच्या पावसात आपण सगळेच हे बघतो, डिशपर्यंत सिग्नल आणणाऱ्या केयू बँडच्या लहरी पाण्यात क्षीण होतात म्हणून. चित्र अखंड चालू आहे पण मऊ, पुसट आहे, तर डिशवर चढू नका, टीव्हीच्या मागे बघा.

आमच्या आईकडे साताऱ्याला हेच झालं होतं. पॅक एचडीचा, बॉक्स एचडीचा, पैसे दरमहा एचडीचे, आणि मालिकेतल्या बाईच्या साडीचे काठ काही दिसेनात. टीव्ही भिंतीला चिकटलेला, हात घालून चाचपलं तर पिवळी-लाल-पांढरी वायर! त्या पिवळ्या वायरीतून एचडी जातच नाही, फार तर ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं साधं चित्र. बसवणाऱ्याने जुन्या बॉक्सचीच वायर नव्याला लावून दिली होती. एचडी चित्र नेणारी एचडीएमआय वायर लावली, तरी अर्धंच काम झालं, कारण बॉक्सच्या सेटिंगमध्ये आउटपुट त्याच साध्या ५७६ वर होतं. ते १०८०आय, म्हणजे एचडी, केल्यावर आई म्हणाली, "अगं बाई, हिच्या कपाळावर तीळ आहे होय!"

आता जुन्या मालिकांचं पुनःप्रक्षेपण मात्र एचडी चॅनेलवरही पुसटच दिसणार. मुळात चित्रीकरणच एसडीत, म्हणजे एचडीच्या आधीच्या साध्या दर्जात, झालेलं असेल तर वायर तरी काय करणार?