गच्चीवरचा इटालियन सिनेमा (सोसायटी ग्रुप, रविवार सकाळ)

बी-३०४ नीलिमा: सुप्रभात. काल गच्चीवर जे दाखवलं गेलं त्यावर कुणी बोलणार आहे, की नेहमीप्रमाणे वाईटपणा मीच घेऊ? नोटिशीत नुसतं 'इटालियन पोलीसपट, सहकुटुंब यावे'. माझा मुलगा सातवीत आहे. पडद्यावर दंडात सुई टोचून घेणारी पोरं बघून विचारतो, "आई, यांना डायबेटीस आहे का?"

सी-१०२ बंडूकाका: आमच्या हिनेही तेच विचारलं 😄

बी-३०४ नीलिमा: काका, प्लीज.

सी-५०२ निनाद: ताई, मी पाठवलेल्या मजकुरात 'फक्त मोठ्यांसाठी' असं होतं.

ए-१०१ सेक्रेटरी: मागच्या महिन्याच्या नोटिशीवर फक्त तारीख बदलली गेली असावी. नोंद घेतली आहे.

ए-४०३ पाटील: प्रोजेक्टर गणपतीच्या शिल्लक वर्गणीतून घेतला. ठराव कुठल्या मीटिंगला झाला?

सी-५०२ निनाद: नोटिशीचं मान्य. पण रात्री जिन्यात कुणीतरी 'गर्दुल्ल्यांचा सिनेमा' म्हणालं म्हणून लिहितो. 'ला विया देल्ला द्रोगा', १९७७, दिग्दर्शक एन्झो जी. कास्तेल्लारी. तेव्हा इटलीत असे पोलीसपट धडाधड निघत होते, कारण बाहेर रस्त्यावर तेच चाललं होतं. बॉम्ब, अपहरणं, गोळीबार. पुढच्याच वर्षी आल्दो मोरो, म्हणजे माजी पंतप्रधान, त्यांना पळवून ठार मारलं. यातला फाबियो तेस्ती तस्कर बनून टोळीत शिरलेला पोलीस आहे. तो कोण हे फक्त इंटरपोलच्या माणसाला, डेव्हिड हेमिंग्जला, माहीत. म्हणजे टोळीला संशय आला तरी मेला आणि आपल्याच पोलिसांच्या हाती लागला तरी मार. सुई दाखवलीय ती कुणाला मोह व्हावा अशी नाहीच. बघवत नाही, हाच तर मुद्दा आहे.

बी-३०४ नीलिमा: अभ्यास छान आहे तुझा, कौतुकच आहे. हेच काल सुरू करायच्या आधी सांगितलं असतंस तर मी मुलाला खाली पाठवलं असतं. प्रश्न नोटिशीचा आहे.

बी-२०१ ॲड. शुभांगी: निनाद, एक गोष्ट मला काल खटकत होती. इटलीत १९७५च्या कायद्याने स्वतःपुरता किरकोळ माल जवळ असेल तर शिक्षा नव्हती. मग पोलीस वरच्या लोकांच्या मागे लागणार हे ओघानेच आलं. पण पोलिसाने गिऱ्हाईक बनून माल विकत घ्यायचा, याला तिथे स्पष्ट कायदेशीर आधार मिळाला १९९० मध्ये. तुझा हीरो साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहिला असता तर आरोपीच्या वकिलाने सोलून काढला असता त्याला.

सी-१०२ बंडूकाका: म्हणूनच तो कोर्टात न जाता विमानात बसला. हुशार.

बी-५०१ मेधाकाकू: विमानाचं सोडा. आम्ही बरोब्बर गच्चीखाली राहतो. साडेअकरापर्यंत मोटारसायकली आणि ती कर्कश गिटार. ह्यांना बीपी आहे, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

सी-५०२ निनाद: सॉरी काकू. ते संगीत गोब्लिन नावाच्या बँडचं आहे. त्याच वर्षीच्या 'सस्पिरिया'चंही त्यांचंच.

बी-५०१ मेधाकाकू: तो भुताचा ना? म्हणजे भुताटकीवाल्यांना आमच्या डोक्यावर नाचवलंत. वा.

ए-४०३ पाटील: प्रोजेक्टर गणपतीच्या शिल्लक वर्गणीतून घेतला. ठराव कुठल्या मीटिंगला झाला? उत्तर आलेलं नाही.

सी-१०२ बंडूकाका: पाटीलसाहेब, त्या बोगद्यातल्या पाठलागात तरी मान डोलवत होतात. मी पाहिलं.

ए-४०३ पाटील: बोगदा उत्तम होता. ठराव वेगळा.

सी-५०२ निनाद: रोमच्या मेट्रोची ए लाइन तेव्हा खणत होते. ती सुरू झाली १९८०ला. त्या अर्धवट खणकामात घुसून शूटिंग केलंय, सेट नाही. मोटारसायकली, बोगदा आणि शेवटी छोटी विमानं. कथेला मध्ये भोकं आहेत हे मलाही कळतं, पण तो शेवटचा भाग बघायलाच लोक आजही हा सिनेमा लावतात.

बी-३०४ नीलिमा: मूळ मुद्दा पुन्हा मांडते. नोटिशीत वयाचा उल्लेख का नव्हता?

सी-३०१ अमोल: ज्यांची दुसरी गाडी महिनाभर व्हिजिटर पार्किंगमध्ये उभी आहे त्यांनी नियमांबद्दल बोलावं, हे भारी आहे.

बी-३०४ नीलिमा: नाव घेऊन बोल अमोल.

सी-३०१ अमोल: हा मेसेज डिलीट केला आहे

ए-१०१ सेक्रेटरी: कृपया व्यक्तिगत होऊ नये.

बी-३०४ नीलिमा: स्क्रीनशॉट घेतलाय. आणि ती गाडी दिरांची आहे, लेखी परवानगी आहे.

सी-१०२ बंडूकाका: नीलिमाताई, एवढा त्रास झाला तर तुम्ही शेवटपर्यंत कशा बसलात? विमान पडताना सगळ्यात आधी "अगं बाई" तुम्हीच ओरडलात.

बी-३०४ नीलिमा: खुर्च्या मोजायला थांबले होते. कुणीतरी थांबायला नको?

ए-१०१ सेक्रेटरी: बरं झालं विषय निघाला. चार खुर्च्या कमी आहेत.

बी-५०१ मेधाकाकू: दोन सी-१०२च्या बाल्कनीत दिसताहेत. आत्तासुद्धा.

सी-१०२ बंडूकाका: त्या अंडरकव्हर आहेत. संध्याकाळी आणून देतो.

ए-४०३ पाटील: खुर्च्यांचा तरी ठराव आहे का?